पिशवीतली पुडी

आज सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून बसले होते. माझ्यापुढच्या आजींचा नंबर आला, तशी त्यांनी पिशवीतून चूर्णाची पुडी काढली आणि माझ्या हातात कोंबली. "एवढं धर गं बाई. डाक्टर बघितला की वरडतो."

तेव्हापासून डोकं फिरलंय. माझ्या आईनेही दोन वर्षं असंच लपवलं.

आईचं बीपी उतरतच नव्हतं. गोळ्या बदलल्या, डोस वाढवला, वर लघवीची गोळी आली. पायात गोळे यायचे, रात्र रात्र जागी असायची. दर वेळी ऐकायचं काय, तर "मावशी, मीठ कमी करा." अळणी आमटी खाऊन खाऊन बिचारी कंटाळली. आणि खोकल्यासाठी सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा ज्येष्ठमध चालू होतं! ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, बीपी चढतं. त्यात ती लघवीची गोळी, तीही पोटॅशियम घटवणारी. हे डॉक्टरांना माहीत नसतं का? असतं. पण विचारतो कोण!

ओपीडीला शंभर माणसं असतात, मान्य. पण "आणखी काय घेता?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? आणि वैद्यही काही कमी नाहीत. बिननावाच्या पुड्या देऊन खुशाल "इंग्रजी गोळ्या बंद करा" म्हणणारे मी पाहिलेत. २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून दोन्ही पॅथींचे डॉक्टर एका छपराखाली बसवायचं धोरण आहे. बसले शेजारी, पण एकमेकांचा केसपेपर वाचतात का?

आईला शेवटी भेटली ती नवीन आलेली, बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर झालेली पोरगी. स्टूल पुढे ओढून म्हणाली, "आई, घरचं काय काय घेता ते सगळं सांगा. मी रागावणार नाही." आईने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच सांगून टाकलं. ज्येष्ठमध बंद झालं. महिन्याभरात बीपी उतरलं, पुढे एक गोळीही कमी झाली. खोकल्याला तिनेच दुसरं औषध दिलं. त्यानंतर आई घरातला सगळा डबाच घेऊन तिच्याकडे जायची. माहेरी निघाल्यासारखी.

आजी बाहेर आल्या. पुडी परत देताना मी विचारलं, "सांगितलंत का हो?"

"इचारलंच न्हाई त्यानं."

मग त्यांचा हात धरला आणि पुडी घेऊन आम्ही दोघी परत आत गेलो.