‘थेरं’ म्हणणाऱ्या दादांना

दादा (नाव न लिहिता प्रतिक्रिया टाकलीत, म्हणून नुसतं दादा),

घरात दुसरं बाळ येणार असताना मोठ्याला चित्रांची पुस्तकं दाखवा, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘ही पुण्या-मुंबईची थेरं. खेड्यातलं पोट्टं चार दिवस रडते, मग खेळते. आम्ही काय बिघडलो?’ शिवाय साल चुकलं, पुस्तकं महाग, पोरांना आधी वाचता येऊ द्या, आणि मी जरा शेतात जावं.

सालाचं मान्य. मी सुचवलेलं चित्रांचं पुस्तक, एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘पीटर्स चेअर’, 1967 चं. मी लिहिलेलं 1962 हे त्याच पीटरच्या ‘द स्नोई डे’चं. दुरुस्त केलं, आभार. पण तेवढ्यासाठी ‘ज्ञान पाजळू नका’ म्हणायची काय गरज होती?

आता ‘थेरं’. शब्द लागला, लपवत नाही. मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात वाढलो. चार वर्षांचा होतो. माय बाळंतपणाला माहेरी गेली ती आली तेव्हा कडेवर बाबू. ओसरीवरच्या बाया मला म्हणाल्या, ‘आता तुले कोन इचारते? माय आता बाबूची!’ आणि हसल्या. तुमच्याही गावात हसतात, खोटं बोलू नका. आतल्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला, भाव नव्हता म्हणून. त्यात गळ्यापर्यंत घुसलो. अंगभर खाज, नाकात सरकीचा वास, बाहेर मायच्या हाका. ओ दिली नाही. दिवेलागणीला आजीनं पाय धरून ओढलं आणि पाठीत एक ठेवून दिली. चार दिवसांत रडणं थांबलं, खरं आहे. म्हणून मी विसरलो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

पीटरचंही तेच. त्याचा पाळणा, त्याची उंच खुर्ची बहिणीसाठी गुलाबी रंगवतात. उरलेली लहान खुर्ची उचलून तो कुत्र्यासोबत घर सोडतो. जातो कुठं, तर दारासमोर! आणि बसायला जातो तर खुर्चीत मावत नाही. हे पान मी पाच वर्षांच्या भाचीला दाखवलं, इंग्रजीचं वऱ्हाडी करत. तिच्या मायला तेव्हा आठवा महिना. पोरीनं खुर्चीवर बोट ठेवलं ते उचलेचना. मग म्हणाली, ‘त्याच्या मायनं त्याले मारलं काऊन नाही?’

हा प्रश्न मुंबईचा आहे का, दादा?

किमतीचं म्हणाल तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून गोष्टी फुकट आहेत, मराठीतही. वाचता येण्याचा इथं संबंधच नाही, तीन वर्षांच्या लेकराला वाचून आपणच दाखवायचं असतं.

आणि शेत. दोन दिवस सोयाबीनमध्ये डवऱ्यामागेच होतो, उत्तराला उशीर त्यामुळेच झाला. तुमची प्रतिक्रिया मात्र सकाळी अकराची दिसते.