चष्म्यावरच्या तीन ओळी : सुनंदाताईंना उत्तर

सुनंदाताई, नमस्कार.

खऱ्या खुनांवरच्या ब्रिटिश मालिकांचं मी माझ्या लेखात जे कौतुक केलं, त्यावर तुम्ही मला चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे, यात खुनी हीरो होतो, मेलेल्यांच्या घरच्यांची खपली निघते आणि एवढीच हौस असेल तर निदान नावं तरी बदला. जोशी-अभ्यंकर खुनांच्या वेळी, १९७६-७७ साली, तुम्ही पुण्यात होतात. अंधार पडायच्या आत घरोघरी कड्या लागायच्या, हे तुम्ही स्वतः पाहिलंय. त्यामुळे 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' हा टोमणा मी निमूट ऐकून घेतला आणि लेख पुन्हा वाचायला बसलो.

वाचून ओशाळलो. 'देस' (२०२०) ही डेनिस नीलसनवरची मालिका. १९८३ साली लंडनच्या मझवेल हिल भागात एका घराचं गटार माणसांच्या अवशेषांनी तुंबलं आणि त्यातून हा सरकारी रोजगार कार्यालयातला कारकून सापडला. त्याने मारलेली बरीचशी पोरं बेघर, घरापासून तुटलेली. मालिकेतला तपास अधिकारी पीटर जे त्यांची नावं शोधायला धडपडतो, कारण नाव नाही तर खटला नाही. शेवटी खटला उभा राहिला तो फक्त सहा खुनांचा. आणि मी काय लिहिलं होतं? नीलसन साकारणाऱ्या डेव्हिड टेनंटने त्याचा चष्मा, सिगरेट आणि तो कंटाळलेला सूर कसा हुबेहूब उचललाय, यावर तीन ओळी. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. तिथे तुम्ही माझा कान धरलात ते बरोबर.

पण सगळ्याच मालिकांना एका मापाने मोजू नका. 'द लाँग शॅडो' (२०२३) तुम्ही पाहिलेली नाही असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पीटर सटक्लिफने १९७५ ते १९८० या काळात उत्तर इंग्लंडमध्ये तेरा बायका मारल्या, म्हणजे तुमचे ते पुण्यातले दिवसही याच काळातले. या सात भागांच्या मालिकेला आधी त्याच्या 'यॉर्कशायर रिपर' या कुप्रसिद्ध टोपणनावाचंच शीर्षक द्यायचं ठरलं होतं. पीडितांच्या घरच्यांनी हरकत घेतली आणि ते बदललं गेलं.

पहिल्याच भागात एमिली जॅक्सन भेटते. नवऱ्याचा छपरांच्या कामांचा धंदा, डोक्यावर देणी, घरात मुलं, तोंडावर नाताळ. रात्री त्याच कामाच्या व्हॅनमधून ती गिऱ्हाईक शोधायला जाते आणि हे नवऱ्याला माहीत आहे. दोघांचं याबद्दलचं बोलणं इतकं साधं आहे की दुकानातली उधारी कशी फेडायची हे चाललंय असं वाटावं. तिच्या मरणापेक्षा त्या बोलण्याने मला जास्त अस्वस्थ केलं. खुनी तर कितीतरी भाग धड दिसतही नाही.

आता तुमचा नावं बदलण्याचा मुद्दा. इथे मी अजिबात मान्य करणार नाही. या बायकांची नावं तर त्या वेळीच पुसली गेली होती. पोलिस आणि वर्तमानपत्रं यांच्या लेखी त्या 'वेश्या' आणि 'निष्पाप' अशा दोन खणांत विभागलेल्या होत्या. १९८१ च्या खटल्यात खुद्द अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, म्हणाले की, सगळ्यात दुःखाची गोष्ट म्हणजे यातल्या काही वेश्या नव्हत्या. म्हणजे बाकीच्यांचं दुःख त्या मानाने कमी! त्या काळच्या भाषेबद्दल वेस्ट यॉर्कशायर पोलिसांनी माफी मागितली ती २०२० मध्ये, सटक्लिफ मेल्यावर. अशा गोष्टीत एमिलीची 'एमा' करून काय साधणार? आपल्याकडे 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' ही पाटी लावली की सगळेच सुटतात, अगदी पोलिससुद्धा.

आणि पोलिसांना सुटू देता कामा नये, कारण ही गोष्ट जितकी खुन्याची तितकीच त्यांची. त्यांनी सटक्लिफची तब्बल नऊ वेळा चौकशी केली होती. लीड्सच्या तपासकक्षात माहितीची कार्डं एवढी साचली की वजनाने जमीन खचेल म्हणून तिला आधार द्यावा लागला, पण या कार्डाचा त्या कार्डाशी मेळ काही बसेना. त्यातच १९७९ मध्ये 'मी जॅक' म्हणत आपणच खुनी असल्याचं सांगणाऱ्या एका थापाड्याची टेप आली. तिच्यातली बोली संडरलंडकडची, म्हणून ज्याची बोली तशी नाही तो संशयातून बाद. सटक्लिफ ब्रॅडफर्डचा. टेपनंतर आणखी तीन बायका गेल्या. मग पोलिसांनी संगणक आणला आणि त्या यंत्रणेचं नाव ठेवलं होम्स. इंग्रजांना हे बरं सुचतं.

घरच्यांच्या खपलीबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. एका घराला मालिका हवी असते, दुसऱ्याला नको असते आणि खून एकच असतो. 'हे सगळ्यांच्या संमतीनेच होतं' असं मी लेखात ठोकून दिलं होतं, ते वाक्य काढलंय.

चष्म्याच्या त्या तीन ओळीही काढल्या आहेत. टेनंटच्या कौतुकाची एक ठेवलीय, तेवढी राहू द्या.