आता खोललंच आहे, तर…

वेगवान इस्टेट गाडी, म्हणजे छप्पर थेट डिकीवरून मागच्या दारापर्यंत लांबवलेली गाडी, ही मुळात एक सोज्वळ बतावणी आहे. पुढच्या अर्ध्या भागात हवा दाबून आत ढकलणाऱ्या टर्बोचे इंजिन, रुंद टायर आणि मोठ्या डिस्कचे ब्रेक; मागच्या अर्ध्या भागात छोटे कपाट आडवे मावेल एवढी डिकी. घरात गाडी घेण्याचा विषय निघतो तेव्हा केवळ मागच्या भागाबद्दल बोलायचे असते, आणि मी तेवढेच बोललो. सामान किती मावेल, मागची सीट पाडल्यावर लांब फळ्या कशा सरळ आत जातील, वडीलधाऱ्यांना चढाउतरायला दारे किती सोयीची आहेत, हे सर्व मी तपशीलवार सांगितले. पुढच्या भागाबद्दल पत्नीने एकच प्रश्न विचारला, "इंजिन बरं आहे ना?" मी म्हणालो, "बरं आहे." अडीचशे अश्वशक्तीच्या इंजिनाला बरे म्हणण्यात कोणताही खोटेपणा नाही, असे माझे आजही मत आहे.

या जातीच्या गाड्यांचा इतिहासही असाच दुटप्पी आहे. १९९४ साली व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत चक्क ८५० ही इस्टेट गाडी उतरवली. रिकार्ड रीडेल आणि यान लामर्स या दोन पट्टीच्या चालकांना सामानाची गाडी देऊन शर्यतीत धाडणे ही थट्टाच आहे असे अनेकांना वाटले, आणि संघानेही ती थट्टा अंगावर न घेता पुढे नेली. शर्यतीआधीच्या संथ फेरीत डिकीत भुसा भरलेला मोठा कुत्रा ठेवून गाडी फिरवली. पुढच्या वर्षी नियमांनी हवेच्या जोरावर गाडीला जमिनीकडे दाबणारे पंख लावायला परवानगी दिली आणि लांब छपराला त्याचा लाभ घेता येईना, म्हणून संघ सेडानकडे वळला. त्याच सुमारास ऑडीने पोर्शच्या मदतीने आरएस-२ आवांत ही इस्टेट काढली. इंजिन अवघे २.२ लिटरचे, पाच सिलिंडरचे, पण ताकद ३१५ अश्वशक्तीची. ब्रेक, चाके आणि बाजूचे आरसे पोर्शच्या घरातून आलेले. हा सर्व इतिहास मी पत्नीला पुराव्यादाखल सांगितला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कुत्रा खरा नव्हता, शर्यतीत सामानही नव्हतं. मग एवढी मोठी डिकी कशाला होती?" इतिहासाची अडचण ही आहे की तो सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडतो.

जुनी वेगवान गाडी स्वस्त मिळते, यात नवल नाही. नवल हे की तिची किंमत वर्षानुवर्षे उतरत असताना तिच्या सुट्या भागांच्या किमतीला ही बातमी कधीच कळत नाही. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येते, पण तिचा शॉकअप मात्र स्वतःला अजून शोरूममध्येच समजतो. म्हणूनच सर्व कामे एकदम न काढता हप्त्याहप्त्याने करावीत, असा शहाणपणाचा मार्ग सर्व जाणकार सुचवतात. आमच्याकडे आलेली इस्टेटही अशीच जुनी, म्हणून मीही वहीत यादी केली. यादीच्या शेवटी, बक्षीस म्हणून, इंजिनाच्या संगणकाचे रिमॅपिंग ठेवले होते, म्हणजे टर्बोचा दाब थोडा वाढेल आणि गाडी उतारवयात पुन्हा तरुण होईल. आमच्या मिस्त्रींनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि रिमॅपिंगवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, आधी हिची मूळची ताकद तरी परत आणू."

मूळची ताकद जाते कुठे, तर रबरात. लोखंड बापडे किलोमीटर मोजते, पण रबर वर्षे मोजते. गाडी धावो अगर उभी राहो, ते कडक होते आणि तडकते. टर्बोच्या गाडीत बोटाएवढ्या नळ्यांपासून मनगटाएवढ्या नळ्यांपर्यंत रबराचे एक जंजाळ असते. त्यात कुठे बारीक चीर पडली की टर्बोने कष्टाने दाबलेली हवा तेथून सुस्कारा टाकत निघून जाते, मोजून आत घेतलेली हवा आणि प्रत्यक्ष पोचलेली हवा यांचा हिशेब जुळत नाही, आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. मिस्त्रींनी त्या मार्गात धूर सोडला. इंजिनाच्या खोबणीतून तो इतक्या ठिकाणांहून बाहेर आला की पलीकडच्या गाडीचे मालक काळजीने चौकशीला आले. नळ्या बदलल्या. गाडी खरोखरच धावू लागली, आणि तेथून माझा अधःपात सुरू झाला.

कारण जुन्या गाडीत एखादा भाग नवा झाला की त्याच्या शेजारचा भाग आपोआप अपराधी ठरतो. एक दात दुरुस्त करून घेतल्यावर शेजारचा दात ठणकू लागावा, तसे हे आहे. शिवाय प्रत्येक गॅरेजमध्ये असे एक वाक्य राहते, ज्यापुढे आजवर कोणाही मालकाचा निभाव लागलेला नाही. ते म्हणजे, "आता खोललंच आहे, तर…"

आमच्याकडे या वाक्याचा पहिला उच्चार टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याच्या वेळी झाला. हा पट्टा तुटला तर आमच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची समोरासमोर गाठ पडते, म्हणून तो वेळेवर बदलावा लागतो, याबद्दल वाद नाही. पण पट्टा उघड्यावर आला की त्याला ताणून धरणारा टेन्शनर दिसतो, आणि नवा पट्टा जुन्या टेन्शनरवर चढवणे शहाणपणाचे नसते. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. तो उद्या गळू लागला तर सगळे पुन्हा खोलावे लागेल. पंप काढायचा म्हणजे कूलंट सांडणार, कूलंट नवे भरायचे तर थर्मोस्टॅट जुना का ठेवायचा, आणि थर्मोस्टॅटला जोडलेला होज पाइप हाताने दाबला तर बिस्किटासारखा वाजतो. यात प्रत्येक पायरी तर्काला धरून आहे. जगातील कोणत्याही न्यायालयात ती टिकेल. मात्र पट्टा बदलायला नेलेल्या गाडीचे एका बाजूचे इंजिन माउंटिंगही, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते तो रबरी आधारही, नवे कसे झाले, हे घरी सांगताना तोच तर्क मध्येच कुठेतरी निसटतो. पट्ट्यापर्यंत पोचण्यासाठी ते माउंटिंग काढावेच लागत होते, हे अगदी सत्य कारणही जेवणाच्या टेबलावर लंगडे पडते. पुढे त्या एका ताठ माउंटिंगमुळे बाकीची माउंटिंगे किती बसली आहेत हे कळले, तो भाग मी घरी सांगितलाच नाही.

सस्पेंशनचे प्रकरण याहून खोल आहे. इस्टेट गाडीचे मागचे शॉकअप साधे असतील तर आपले नशीब. काही गाड्यांत ओझे भरल्यावर मागची बाजू पुन्हा वर उचलून धरणारे खास शॉकअप असतात, आणि ते गाडीला जितके उचलतात त्याहून अधिक बिलाला उचलतात. ते जोडीनेच बदलायचे. त्यानंतर चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मच्या बुशांचा, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या मऊ कड्यांचा, प्रश्न आला आणि मित्रमंडळींत उभी फूट पडली. एक पक्ष मूळच्या रबराचा, दुसरा पॉलियुरेथेन या ताठ प्लास्टिकचा. पॉलियुरेथेन जास्त टिकते आणि स्टीअरिंगला धार आणते, परंतु रस्त्यावरच्या खड्यांची वार्ताही थेट मणक्यापर्यंत पोचवते, आणि ग्रीस नीट लावले नाही तर जुन्या पाळण्यासारखे कुरकुरते. मी रबर निवडले, कारण मागच्या भागाबद्दल घरी जी आश्वासने दिली होती त्यांत कुरकुर बसत नव्हती. रबराच्या बुशाचा बोल्टही कसा आवळायचा याला शास्त्र आहे. गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली टेकताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून चाकांवर वजन आल्यानंतर, गाडीखाली पालथे-उताणे शिरून, शेवटचा पीळ द्यायचा. मिस्त्री खाली असताना मी वर बसून वजन वाढवण्याचे काम केले. या संपूर्ण उपक्रमात माझ्या अंगच्या गुणांचा इतका थेट उपयोग दुसऱ्या कुठेही झाला नाही.

सस्पेंशन शांत झाले आणि गाडीत आवाज वाढले. आवाज आधीपासून होतेच, फक्त त्यांना आता कोणी दाबत नव्हते. सेडानच्या डिकीतला खडखडाट सीटच्या पाठीमागे अडतो. इस्टेटमध्ये मागचा भाग म्हणजे गुंजणारा पत्र्याचा दिवाणखानाच, आणि तेथे जे वाजते ते थेट चालकाच्या मानेवर येऊन बसते. मागून येणारी ती टकटक शोधण्यासाठी अखेर एका मोकळ्या आवारात मी पत्नीला चालवायला बसवले, आणि स्वतः मागच्या सीटवर पट्टा बांधून कान डिकीकडे लावला. "थोडी वेगात घे," असे मी सांगितले. तिने आज्ञाधारकपणे पाय दाबला. टर्बो जागा व्हायला अर्धा श्वास घेतो, तेवढा त्याने घेतला, आणि मग आवाराचे पलीकडचे टोक आमच्याकडे येऊ लागले. गाडी थांबली तेव्हा आत कमालीची शांतता होती. पत्नीने आरशातून माझ्याकडे पाहिले.

"अहो, हे बरं आहे?"

यावर मी काही बोलण्याआधी तिने गाडी वळवून घेतली आणि तेच अंतर पुन्हा कापले. या खेपेस कोणी सांगितले नव्हते. टकटक कसली, तर सामानावर ओढायच्या पडद्याची नळी आपल्या खाचेत सैल झाली होती. तिच्या दोन्ही टोकांना कापडी पट्टी चिकटवताच ती गप्प झाली. मात्र तेव्हापासून गाडी सकाळी जागेवर असेलच याची मला खात्री देता येत नाही.

ब्रेकबाबत पत्नीचा पाठिंबा मिळाला, किंबहुना आग्रहच होता. त्याच जातीच्या मोठ्या गाडीचे डिस्क आवळणारे कॅलिपर आणि डिस्क आमच्या गाडीला बसतात, हे मिस्त्रींना ठाऊक होते. पुढे मोठी डिस्क बसली, पण त्यावर जुने चाक बसेना. म्हणून एक इंच मोठी चाके आली. मोठ्या चाकांना नवे टायर लागले. मग लक्षात आले की डिकीच्या तळाशी ठेवलेली स्टेपनी जुन्या मापाची असल्यामुळे पुढे लावताच येणार नाही, म्हणजे पुढचे चाक पंक्चर झाल्यास मागचे काढून पुढे लावायचे आणि स्टेपनी मागे. हा उपाय कागदावर निर्दोष आहे. पावसात, अंधारात, जॅक हातात धरून तो निर्दोष वाटेल की नाही हे सांगता येत नाही. ब्रेक ऑइलही बदलले. ते हवेतली ओल शोषते, आणि डॉट ४ जातीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सियस असावा लागतो तो ओल धरल्यावर १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. ही माहिती मी घरात सांगितली, तेव्हा प्रथमच कोणी डिकीबद्दल विचारले नाही.

हेडलाइटच्या पिवळट काचा पॉलिश पेपरने घासून, वर लॅकरचा थर देऊन उजळल्या. छताच्या आतले कापड सुटून डोक्याला लागत होते, ते उतरवले तेव्हा त्यामागचा फोम पिठासारखा सर्वांच्या केसांत बसला. या कामांविषयी एवढेच पुरे.

आणि सर्वांत शेवटी रिमॅपिंग झाले. ज्यासाठी वहीचे पान राखून ठेवले होते, ते काम एका माणसाने डॅशबोर्डखाली एक वायर जोडून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, चहा थंड होण्यापूर्वी उरकले. ना पाना, ना ग्रीस. ताकद वाढली, यात शंका नाही, कारण पहिल्याच चढावर क्लच प्लेट घसरू लागली. इंजिन ओरडत होते आणि गाडी तिच्या चालीने चालत होती. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला. गिअरबॉक्स उतरवल्यावर मिस्त्री काय म्हणाले, हे लिहिण्याची गरज नाही; फ्लायव्हीलही नवे आहे.

हप्त्याहप्त्याने काम करण्यात एक गोम आहे, ती जाणकार सांगत नाहीत. यादीच्या शेवटाला पोचेपर्यंत यादीची सुरुवात जुनी होते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ते वाकून वाचले तेव्हा कळले की आपण ज्यांना इतके दिवस नवे टायर म्हणतो आहोत, ते आता कोणत्याही हिशेबाने नवे राहिलेले नाहीत. संपूर्ण नवी गाडी आमच्याकडे एकाही दिवशी उभी नव्हती. नवेपणा तिच्या अंगावरून पुढून मागे सरकत गेला एवढेच.

तो सरकत सरकत शेवटी डिकीच्या दारापाशी आला. ते दार तोलून धरणारे गॅसचे दोन दांडे कधीच मेलेले होते, आणि सगळ्यांत स्वस्त काम असल्यामुळेच सगळ्यांत मागे पडले होते. तोवर आम्ही दाराला काठीचा टेकू देत असू, आणि ती काठी पाहुण्यांनी हलवू नये म्हणून तिच्यावर सूचनाही लिहिली होती. अखेर नवे दांडे आले. त्यांच्या नळीवर न्यूटनमध्ये जोर छापलेला असतो, आणि ज्या दारांवर स्पॉयलर, म्हणजे पंखासारखी पट्टी असते त्यांच्यासाठी तो जोर अधिक ठेवतात. आमच्या दारावर स्पॉयलर नाही. दांडे स्पॉयलरवाल्या दाराचे होते. बटण दाबताच दार अशा आवेशाने वर गेले की सारी अश्वशक्ती तेथेच मुक्कामाला असावी, आणि त्याची कड पार्किंगच्या छताला घासून बोटभर रंग उडाला.

रंगाऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून तो ओरखडा पाहिला. रुपेरी रंग उन्हाने फिका झाला आहे, नुसत्या दाराला नवा हात दिला तर ते वेगळे उठून दिसेल, म्हणून दोन्ही बाजूंच्या मागच्या पत्र्यांवर रंग ओढून मिळवावा लागेल, असे त्याने सांगितले. "आणि साहेब, मागचे पत्रे केलेच, तर मागची दारं…" एवढे बोलून तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला. मी काही बोलण्याआधीच शेजारी उभ्या असलेल्या पत्नीने त्याला विचारले की गाडी कधी आणून सोडायची, आणि परत कधी मिळेल, कारण शनिवारी तिला ती हवी आहे.