रेडिंगच्या नकाशातलं सांताक्रूझ

जून उजाडला की महाराष्ट्रात एक वाद ठरलेला. हवामान खात्याने ऑरेंज अलर्ट दिला आणि पावसाने हुलकावणी दिली, की व्हॉट्सॲपवर युरोपीय मॉडेलचा, म्हणजे संगणकावर हवामानाचा हिशेब मांडणाऱ्या प्रणालीचा, रंगीत नकाशा फिरू लागतो: "बघा, त्यांनी आधीच सांगितलं होतं." मे 2025पासून त्यावर उत्तरही तयार असतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली, सहा-सहा किलोमीटरच्या चौकटींत अंदाज देणारी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' आली, आता कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. अनेक युरोपीय देशांच्या ज्या सामायिक केंद्राचं ते युरोपीय मॉडेल, त्याचं मुख्यालय इथे इंग्लंडमध्ये, रेडिंगला आहे. इथून हा वाद वाचताना दोन्ही बाजूंचं एकच गृहीतक खटकतं: अंदाज म्हणजे जणू एखाद्या देशाचा खासगी माल.

तो नकाशा कसा तयार होतो ते पाहा. आपल्या पहाटे साडेपाचला जागतिक वेळेचा शून्य तास असतो. त्या वेळी सांताक्रूझच्या वेधशाळेतून नोंद निघते. केंद्राचा क्रमांक 43003, पुढे पाच-पाच आकड्यांचे गट. 10284 म्हणजे तापमान 28.4 अंश, 40052 म्हणजे समुद्रसपाटीचा हवेचा दाब 1005.2 हेक्टोपास्कल. हल्ली हीच माहिती 'बफर' नावाच्या बायनरी साच्यात जाते. त्याच वेळेच्या आसपास हवेत फुगे सोडलेले असतात. मिनिटाला साधारण 300 मीटर चढत ते तीस किलोमीटरच्या आसपास फुटतात, तोवर तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत राहतात. दिल्लीचं दूरसंचार केंद्र हे सगळं जगाच्या जाळ्यात टाकतं. रेडिंगचं मॉडेल ते उचलतं आणि दुपारपर्यंत पुढच्या पंधरा दिवसांचा हिशेब मांडतं. सांताक्रूझची नोंद त्या नकाशात आधीच मुरलेली असते.

नोंद चुकली तर काय होतं, हेही समजून घ्यायला हवं. तापमानाच्या गटातला दुसरा आकडा चिन्हाचा असतो. 10284च्या जागी 11284 गेलं, तर मुंबईत उणे 28.4 अंश! अशी ढोबळ चूक मॉडेल लगेच फेकून देतं, कारण प्रत्येक नोंद आधीच्या अंदाजाशी ताडून पाहिली जाते. पुण्याची उंची सुमारे 560 मीटर. तिथला प्रत्यक्ष दाब समुद्रसपाटीच्या गटात गेला, तर साठेक हेक्टोपास्कलचा फरक पडतो, तोही पकडला जातो. खरा त्रास बारीक चुकीचा. केंद्राची उंची कागदावर आठ मीटरने चुकली, की तिच्यावरून काढलेला समुद्रसपाटीचा दाब रोज एका हेक्टोपास्कलने चुकतो. तेवढा फरक खपूनही जातो आणि अंदाज हळूच बिघडवतो. लक्षात आला, तर ते केंद्र काळ्या यादीत जातं. मग नोंद रोज पोचते, पण वापरली जात नाही.

या देवाणघेवाणीमागे मोठा इतिहास आहे. 1853मध्ये अमेरिकी नौदलाचे मॅथ्यू मॉरी यांच्या पुढाकाराने ब्रुसेल्सला दहा देशांनी जहाजांवरच्या नोंदींचा एक नमुना ठरवला. पुढच्याच वर्षी, 14 नोव्हेंबर 1854ला, क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाच्या वादळाने ब्रिटन-फ्रान्स या मित्रराष्ट्रांची जहाजं बुडवली. पॅरिस वेधशाळेच्या ल वेरिये यांनी युरोपभरच्या नोंदी जमवून तपासल्या. वादळ टप्प्याटप्प्याने सरकत आलं होतं, तारेने आधी कळवता आलं असतं. 1873च्या व्हिएन्ना काँग्रेसमधून आंतरराष्ट्रीय हवामान संघटना उभी राहिली. 1875ला भारताचं हवामान खातं स्थापन झालं.

लगेच दख्खनमध्ये 1876-78चा भीषण दुष्काळ पडला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना त्या काळात भारतभर दाब चढा दिसला. तो आणखी कुठे चढा होता, याची चौकशी त्यांनी इतर देशांत केली. 1888मध्ये ॲडलेडच्या चार्ल्स टॉड यांनी दाखवलं की भारतातले आणि ऑस्ट्रेलियातले दुष्काळ बऱ्याचदा जोडीने येतात. 1904 ते 1924 खातं सांभाळणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या केंद्रांचे आकडे एकमेकांशी ताडून 'दक्षिणी दोलन', म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, शोधलं. आज विदर्भातला शेतकरी ज्या एल निनोची बातमी धास्तीने वाचतो, त्या एल निनोची हवेच्या दाबाची अर्धी बाजू इथून कळली. परक्या देशांचे दाबमापक नसते, तर आपल्या मान्सूनचं हे कोडं एवढंही सुटलं नसतं. 1928ला खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांसाठी आजही 'सिमला ऑफिस' आहे. 1963मध्ये हिंदी महासागर मोहिमेसाठी कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र चाललं. त्याच वर्षी, शीतयुद्ध भरात असताना, जगभरच्या नोंदींच्या देवाणघेवाणीची 'जागतिक हवामान निरीक्षण' योजना मंजूर झाली आणि तिची जागतिक केंद्रं ठरली वॉशिंग्टन, मॉस्को आणि मेलबर्न.

म्हणून 'स्वदेशी' या शब्दाचा अर्थ नेमका लावायला हवा. भारत फोरकास्ट सिस्टिम हे पुण्याच्या शास्त्रज्ञांचं मोठं काम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्यातली अष्टफलकी जाळी, म्हणजे पृथ्वी चौकटींत वाटण्याची रीत, युरोपीय केंद्राने 2016मध्ये वापरात आणलेल्या पद्धतीच्या घराण्यातली आहे. यात कमीपणा काहीच नाही, हे शास्त्र असंच वाढलं.

युरोपला संत मानण्याचंही कारण नाही. नव्वदच्या दशकात युरोपातल्या काही हवामान सेवा आपला डेटा विकू लागल्या, अमेरिकेशी वाजलं, आणि 1995मध्ये जागतिक हवामान संघटनेला ठराव 40 करावा लागला. 'अत्यावश्यक' डेटा मोफत, बाकीच्यावर अटी. रेडिंगचे तपशीलवार नकाशे कित्येक वर्षं विकतच मिळत, अलीकडे ते टप्प्याटप्प्याने खुले झाले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, पण या केंद्रात राहिला, कारण केंद्र स्वतंत्र कराराने बांधलेलं आहे. तरी संघाच्या पैशावर चालणारं काम जर्मनीत बॉनला गेलंच. राजकारणाची झळ इथेही बसते.

मग घरच्या चर्चेत सरकारकडे काय मागायचं? माझं मत स्पष्ट आहे: मॉडेलच्या आधी मोजमाप मागा. महाराष्ट्रात महसूल मंडळांमध्ये दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं आहेत, हवामानावर आधारित फळपीक विम्याचे दावे त्यांच्या आकड्यांवर ठरतात. पर्जन्यमापकापासून झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट, जमल्यास चौपट लांब हवी. वारा मोजायचा तर खांब दहा मीटरचा, आणि अडथळा स्वतःच्या उंचीच्या दहापट दूर. कलत्या बादलीच्या, म्हणजे भरली की उलटणाऱ्या छोट्या बादलीच्या, मापकात पाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा अडकली की पाऊस कमी भरतो, धो-धो पावसात तर बादली उलटत असताना पडणारं पाणीही मोजणीतून सुटतं. प्रत्येक केंद्राचा फोटो, खरी उंची आणि मापक शेवटचं कधी तपासलं ती तारीख तालुक्यातल्या कुणालाही पाहता यायला हवी.