रिंग काढून फेकू नका: ‘पिशवी काढा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात सत्तरीच्या एक आजी तपासायला आल्या. अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय योनीतून खाली उतरतं, म्हणून चार वर्षांपूर्वी मी त्यांना योनीत उतरलेला भाग वर धरून ठेवणारी सिलिकॉनची रिंग बसवली होती. खुरपणीला जात होत्या, एक वर्ष वारीही चालल्या. मग सुनेच्या फोनवर एक मेसेज आला, नातीने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि आजींनी त्याच रात्री रिंग ओढून काढून उकिरड्यावर टाकली. आठ दिवसांत गोळा पुन्हा बाहेर आला. बोटाने तो वर ढकलल्याशिवाय लघवी होईना, तेव्हा त्या परत आल्या.

मेसेज असा: ‘भगिनींनो सावध! अंग बाहेर आलं की डॉक्टर रिंग बसवतात नाहीतर जाळी घालतात. रिंगने कॅन्सर होतो, ती पोटात सरकते. जाळीवर जगभर बंदी आहे. पिशवी काढून टाकणे हाच कायमचा उपाय. आणि लघवीचे थेंब बाळंतपणानंतर जाणारच, त्यावर पैसे घालवू नका.’ माझ्याकडे तो आतापर्यंत चार ग्रुपांतून आला आहे. त्यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच बाकीची वाक्यंही लोकांना खरी वाटतात.

‘पिशवी काढून टाकणे हाच कायमचा उपाय’

इथूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्या झोळीच्या आणि काही बंधांच्या आधाराने जागेवर राहतात. बाळंतपणं, वर्षानुवर्षं उचललेलं ओझं, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि पाळी गेल्यानंतरचा हार्मोनचा अभाव यांनी ही झोळी सैल होते. म्हणजे बिघाड आधारात असतो. गर्भाशय बऱ्याचदा पूर्ण निरोगी असतं, ते फक्त खाली आलेलं असतं. पुष्कळ बायकांमध्ये तर आधी खाली येते ती योनीची पुढची भिंत आणि तिच्यामागचं मूत्राशय. पिशवी काढल्याने झोळी घट्ट होत नाही. आधार नीट शिवला नाही, तर पिशवी काढलेल्या बाईच्या योनीचा वरचा भागच पुढे खाली उतरतो, आणि ती दुरुस्ती पहिल्यापेक्षा अवघड असते.

लघवीचंही तसंच. स्वीडनमध्ये दीड लाखांहून अधिक पिशवी काढलेल्या बायकांची तुलना न काढलेल्या बायकांशी केली गेली. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पुढे लघवी गळते म्हणून शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण पिशवी काढलेल्यांमध्ये दुपटीहून जास्त निघालं. जो त्रास जावा म्हणून बाई तयार होते, तोच नंतर वाढू शकतो हे तिला आधी सांगायला नको का?

आपल्या राज्यात या वाक्याला एक भयंकर मागचा इतिहास आहे. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कारणं वेगवेगळी होती: पांढरं जाणं, पाळीचा त्रास, कर्करोगाची दाखवलेली भीती, मजुरी बुडण्याची धास्ती. सगळ्या अंग बाहेर येण्याच्या केस नव्हत्या. पण ‘पिशवी काढली की सुटका’ हा विचार तोच, आणि हा मेसेज तोच विचार घराघरात नेतो आहे.

शस्त्रक्रियाच करायची ठरली, तरी पिशवी ठेवून ती वर बांधता येते. हे तंत्र बाहेरून आलेलं नाही. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी अशी शस्त्रक्रिया केली, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुंबईच्याच पुरंदऱ्यांच्या नावाचीही एक आहे. तरुण बायकांची पिशवी वाचावी, पुढे मूल होता यावं, हा त्यामागचा हेतू. आमच्या पिढीने ही नावं परीक्षेसाठी पाठ केली. पेशंटसमोर हा पर्याय मांडताना मात्र आपण गप्प बसतो, याची मला खंत आहे.

काही बायकांसाठी पिशवी काढणं हाच योग्य निर्णय असतो, हेही तितकंच खरं. मोठ्या गाठी आहेत, पेशींची तपासणी वाईट आली आहे, किंवा सगळे पर्याय समजून घेऊन बाईने स्वतः तो निवडला आहे. माझी हरकत फक्त ‘हाच’ या शब्दाला आहे.

‘रिंगने कॅन्सर होतो, ती पोटात सरकते’

आधी सरकण्याचं. योनिमार्ग वरच्या टोकाला बंद असतो. तिथे गर्भाशयाचं तोंड असतं आणि त्याचं छिद्र अगदी बारीक. एवढी रिंग त्यातून वर जाणं शक्यच नाही. फार तर ती फिरते, किंवा माप लहान असेल तर शौचाला जोर करताना बाहेर पडते. मग मोठं माप बसवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

कर्करोगाची भीती कुठून आली असेल, याचा अंदाज मला आहे. वर्षानुवर्षं विसरलेल्या रिंगेजवळ जखम होऊन पुढे कर्करोग आढळल्याच्या तुरळक नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अशीच विसरलेली रिंग मूत्राशयापर्यंत घासत गेल्याच्याही आहेत. म्हणजे धोका आहे तो रिंग विसरण्यात. नियमित काढून, धुऊन, तपासून वापरलेल्या सिलिकॉनच्या रिंगेमुळे कर्करोग होतो असा पुरावा नाही. स्राव थोडा वाढतो, कधी आतली त्वचा सोलवटते, पाळी गेलेल्या बाईला इस्ट्रोजेन या हार्मोनचं मलम लावावं लागतं. हे त्रास खरे आहेत आणि रिंग बसवतानाच ते सांगितले पाहिजेत. ज्या बाईला पुन्हा तपासायला येणं जमणारच नाही आणि स्वतः रिंग काढणंही जमणार नाही, तिला मी रिंग देत नाही.

स्वतः काढणं मात्र वाटतं तितकं अवघड नाही. साधी रिंग दुमडून घालायची, बोट अडकवून काढायची, साबण-पाण्याने धुवायची. नवऱ्याजवळ जाताना ती काढता येते, बहुतेकदा आत राहिली तरी चालते. ब्रिटनमध्ये ३४० बायकांवर झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. स्वतः रिंग सांभाळणाऱ्या बायकांचं जगणं दवाखान्यात येऊन बदलून घेणाऱ्यांइतकंच चांगलं राहिलं आणि त्यांना गुंतागुंतीही कमी झाल्या. आमच्याकडच्या अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या बायका हे दहा मिनिटांत शिकतात, मी रोज बघते.

रिंग सगळ्यांना पुरते का? नाही. नेदरलँड्समध्ये ४४० बायकांना रिंग किंवा शस्त्रक्रिया असे दोन गट करून दोन वर्षं पाहिलं. शस्त्रक्रियेच्या गटात ८१ टक्क्यांहून थोड्या जास्त जणींना बरं वाटलं, रिंगेच्या गटात सुमारे ७६ टक्क्यांना. आणि रिंगेच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणींनी दोन वर्षांत शस्त्रक्रियाही करून घेतली. मग रिंगेचा उपयोग काय? रिंग आज बसवून उद्या काढता येते. कापलेलं परत जोडता येत नाही. शिवाय रिंग बसवल्यावर कधी कधी खोकताना लघवी गळायला लागते, कारण आधी उतरलेल्या भागाने मूत्रनलिका मुडपली गेलेली असते. हे शस्त्रक्रियेआधी कळलं तर बेत नीट आखता येतो.

‘जाळीवर जगभर बंदी आहे’

अर्धं खरं वाक्य हे. जाळी म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं विणलेलं कापड, हर्नियाला घालतात त्याच जातीचं. पण ओटीपोटात ती तीन वेगळ्या कामांसाठी वापरली जाते आणि मेसेजने तिन्हींचा काला केला आहे.

पहिलं काम: अंग बाहेर येतं म्हणून योनीतून मोठी जाळी घालणं. इथे नुकसान खरंच झालं. जाळी योनीच्या भिंतीतून बाहेर डोकावली, बायकांना चालता-बसताना, संबंधांच्या वेळी सतत वेदना झाल्या, आणि उतींमध्ये रुतलेली जाळी पुन्हा पूर्ण काढणं फार कठीण ठरलं. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय साधनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०११ साली इशारा दिला आणि एप्रिल २०१९ मध्ये या प्रकारच्या जाळीची विक्री थांबवायला सांगितलं. इंग्लंडमध्ये सरकारने नेमलेल्या बॅरोनेस ज्युलिया कम्बरलेज यांच्या चौकशी समितीपुढे शेकडो बायका बोलल्या. कित्येकींना डॉक्टरांनी ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं सांगून परत पाठवलं होतं. आमच्या व्यवसायाने त्यांचं ऐकलं नाही. त्यांचा राग रास्त आहे.

दुसरं काम: पोटातून, आता बहुधा दुर्बिणीने, योनीचा वरचा भाग माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जाळीने बांधणं. तिसरं: खोकताना, शिंकताना लघवी गळते म्हणून मूत्रनलिकेखाली सेंटिमीटरभर रुंद पट्टी घालणं. ही पट्टी स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. एफडीएचा २०१९ चा आदेश या दोन्हींना लागू नव्हता. इंग्लंडने मात्र जुलै २०१८ मध्ये पट्टीवरही स्थगिती आणली. त्यामुळे ‘जगभर बंदी’ म्हणणंही चूक आणि ‘काही काळजी नको’ म्हणणंही चूक. पट्टीने बहुतेकींना आराम पडतो, थोड्यांना कायमची वेदना मिळते. म्हणून आधी विचारा: कोणती पट्टी, तुम्ही अशा किती घातल्या, त्रास झाला तर काढणार कोण, आणि माझ्याच शरीरातल्या उतीची पट्टी करता येईल का? पट्टीचं नाव आणि क्रमांक असलेला कागद घरी जपून ठेवा.

एक गोष्ट यात हमखास राहून जाते. जिला अचानक जोराची लागते आणि मोरीपर्यंत पोचेपर्यंत ओलं होतं, तिचा आजार वेगळा. तिला ही पट्टी उपयोगाची नाही.

‘थेंब जाणारच’

नाही. सामान्यपणे घडतं म्हणजे सोसायलाच हवं असं नाही. ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम नीट शिकवून घेतला आणि तीन महिने केला, तर खोकताना गळणारी लघवी पुष्कळ जणींची कमी होते. दिवसातून तीन वेळा, दर वेळी निदान आठदा आवळून सोडायचं. लघवी-शौच दोन्ही एकदम रोखल्यासारखं. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. त्यासाठी महागडं यंत्र घ्यावं लागत नाही. स्नायूंची ताकद पडद्यावर दाखवणारं यंत्र जोडून ६०० बायकांवर ब्रिटनमध्ये अभ्यास झाला, २०२० साली तो प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी यंत्रवाल्या आणि बिनयंत्राच्या बायकांत फरक दिसला नाही. लेझरच्या जाहिराती दिसतात, त्यांनाही भुलू नका. योनीवरच्या अशा उपचारांबद्दल एफडीएने २०१८ मध्येच सावध केलं आहे.

आजींना नवी रिंग बसवली आहे. कुणाला रिंग असेल तर मेसेज वाचून ती फेकू नका. बसवल्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा, स्वतः काढत नसाल तर तीन ते सहा महिन्यांनी तपासून घ्या. रक्त दिसलं, घाण वासाचा स्राव आला, दुखायला लागलं किंवा लघवी अडली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी या.