कॅमेरा चोरासाठी, तोंड मावशीकडे

सकाळी मावसभावाचा परदेशातून मेसेज. "घरचा कॅमेरा कालपासून ऑफलाइन दाखवतोय. तुला त्यातलं कळतं, जरा जाऊन बघशील का?" आई कशी आहे हा प्रश्न त्याखाली, वेगळ्या मेसेजमध्ये. डोकं तिथेच फिरायला लागलं होतं, पण गेले.

कॅमेऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. मावशीने ॲडॅप्टर काढून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. वायर नीट गुंडाळून, वर रबरबँड लावून. मी विचारलं तर म्हणाली, "मी उठले की तोपण मान वळवतो गं. आणि रात्री लाल डोळे."

म्हातारीला भास होतायत असं ज्यांना वाटेल त्यांना आधीच सांगते, ती अक्षरशः खरं बोलत होती. या गोल डोक्याच्या स्वस्त वायफाय कॅमेऱ्यांत ऑटो ट्रॅकिंग असतं. माणूस हलला की आतली मोटर कुर्रर्र करते आणि डोकं त्याच्या मागे फिरतं. अंधारात दिसावं म्हणून इन्फ्रारेड एलईडी असतात, ते बहुतेक ८५० नॅनोमीटरचे, म्हणजे काळोखात मंद लाल दिसणारे. हॉलमध्ये पलंग टाकून झोपणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या समोर आपण हे ठेवलं आणि वर तिलाच सांगितलं, "तुझ्या सुरक्षिततेसाठी आहे."

कसली सुरक्षितता? चोर येणार कुठून? दारातून. कॅमेऱ्याचं तोंड कुठे? सोफ्याकडे. दार फ्रेममध्ये येतच नाही. रेकॉर्डिंग कुठे? कॅमेऱ्याच्याच पोटातल्या मेमरी कार्डवर. म्हणजे चोराने जाताना कॅमेरा खिशात टाकला की पुरावाही त्याच्याबरोबर गेला. रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायचे, म्हणजे क्लाउडचे, पैसे कोणी भरलेले नाहीत. पंख्याने पडदा हलला तरी "हालचाल आढळली" असं यायचं, म्हणून भावाने नोटिफिकेशन कधीच बंद करून टाकलेली. मग त्या ॲपमध्ये तो बघतो काय? आईला बघतो. ती कितीला उठली, कोण आलं होतं, दुपारी झोपली का नाही. परवा तिने टॉवेल टाकला कॅमेऱ्यावर, तर दहा मिनिटांत फोन, "आई, कॅमेऱ्यावर काय पडलंय?"

मावशी आता मैत्रिणीशी फोनवर बोलायचं असेल तर बाल्कनीत जाते. स्वतःच्या घरात! कारण माइक चालू आहे. तो बंद करता येतो हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. सेटिंगमध्ये एक बटण आहे हो, एक.

हो, मागे तिला चक्कर आली तेव्हा त्याने कॅमेऱ्यातच बघितलं आणि शेजारच्यांना पाठवलं. मान्य. पण त्यासाठी चोवीस तास आवाजासकट हॉलभर डोळा लागत नाही. गळ्यात घालायचं बटण मिळतं, दाबलं की फोन जातो.

आता खरी गंमत. मी ॲडॅप्टर लावला, भावाशी व्हिडिओवर बसून सेटिंग उघडली. तो म्हणे, "माझ्याकडे काही पर्याय दिसतच नाहीत." दिसणार कसे? अकाउंट त्याचं नाहीच. कॅमेरा बसवायला आलेल्या माणसाने तो स्वतःच्या मोबाइल नंबरवर रजिस्टर केला आणि भावाला नुसतं "शेअर" केलं. ॲपच्या हिशोबात मालक तो, आमचा भाऊ पाहुणा. कुलूप बसवणाऱ्याने किल्ली आपल्याच जुडग्यात अडकवून नेली तर आपण घर डोक्यावर घेऊ. इथे मात्र "अरे, असं असतं होय?" एवढंच. आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्ड? खोक्यावर छापलेलाच. ॲडमिन आणि पुढे १२३४५६.

त्या माणसाने काही बघितलं असेल असं मी म्हणत नाही. बहुधा त्याला रोजच्या कामात आठवतही नसेल. पण बघू शकत होता. मावशीच्या हॉलमध्ये. इतके दिवस. हे लिहितानाही हात थरथरतायत.

असल्या पासवर्डचं काय होतं ते जगाने २०१६ मध्येच बघितलंय. मिराय नावाचा व्हायरस साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघत फिरायचा, बास, आणि तेवढ्यावर लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) ताब्यात आले. त्यांच्याकडून इंटरनेटवर खोट्या विनंत्यांचा इतका मारा झाला की त्या ऑक्टोबरात ट्विटर, नेटफ्लिक्स तासन्‌तास बंद पडले. लोकांच्या घरादुकानांतले कॅमेरे होते ते. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला की सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड ठेवून अशी वस्तू विकायची नाही. आणि फक्त पासवर्ड बदलून सुटका होते असंही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत वाइझ या कॅमेरे विकणाऱ्या कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना ॲपमध्ये दुसऱ्यांच्याच घरातली चित्रं दिसली. त्यात ग्राहकांची काही चूक नव्हती. म्हणून म्हणते, जे कोणीही बघायला नको ते कॅमेऱ्यासमोर असूच नये.

भावाला हे सगळं फाडफाड ऐकवलं. तो गप्प. मग म्हणाला, "रात्री इकडे झोप येत नाही तेव्हा उघडून बघतो. ती झोपलेली दिसली की बरं वाटतं." आता काय बोलणार? त्याची काळजी खोटी नाही. इतक्या लांबून दुसरं करणार तरी काय, हेही कळतं. पण अरे, हे तिला सांगितलंस का कधी? तिला वाटतंय तू तिच्यावर पाळत ठेवतोस. तिने तुला नाही, त्या डोळ्यांना बंद केलं. विचारलं असतंस तर तिनेच सांगितलं असतं कुठे ठेव आणि कुठे नको.

मी विचारलं. मावशी लगेच म्हणाली, "दाराकडे लाव की. बेल वाजली की कोण आहे ते मलाही दिसेल." झालं! कॅमेरा पॅसेजमध्ये गेला, तोंड दाराकडे. अकाउंट आमच्या हातात आलं की ट्रॅकिंग बंद, माइक बंद, पासवर्ड नवा. तो तिने स्वतः सुचवला, आणि भावाला सांगायचा की नाही ते ती ठरवणार आहे. बाहेर लावला नाही, कारण पावसापाण्यात टिकणारा तो नाही. खिडकीच्या काचेआडूनही नको, रात्री इन्फ्रारेड काचेवर परततो आणि नुसता पांढरा धूर दिसतो.

उरलं ते मालकीचं. रीसेट करून बघितलं, ॲप म्हणतं हा कॅमेरा दुसऱ्या अकाउंटला जोडलेला आहे. म्हणजे त्या माणसाने स्वतःच्या फोनवरून काढल्याशिवाय तो आमचा होत नाही. त्याला फोन केला. "ताई, टेन्शन नका घेऊ, सगळ्यांचे माझ्याच नंबरवर आहेत."

सगळ्यांचे!

उद्या त्याला मावशीकडे बोलावलंय, माझ्यासमोर काढायला. तोवर ॲडॅप्टर परत ड्रॉवरमध्ये. तुमच्यापैकी ज्यांनी दुसऱ्याकडून कॅमेरा बसवून घेतलाय त्यांनी आत्ता ॲप उघडा आणि मालक म्हणून कोणाचा नंबर दिसतो ते बघा.