लढाईच्या पिक्चरमध्ये गाणी कशाला?

"शेजारी पोरं मरतायत आणि हा गडी उभा राहून सूर लावतोय! मला हे पटवून दे, मग पुढचं बोल," सुहासनं चहाचा ग्लास कट्ट्यावर आपटला.

निमित्त 'मारिआन'चं. १९२९ सालचा, एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचा बोलपट. फ्रेंच खेड्यातली मुलगी, तिच्यावर भाळलेला अमेरिकन शिपाई, आणि तिचा ठरलेला नवरा आंद्रे लढाईवर गेलेला. वैशाली रात्री जागून तो बघून आली होती आणि आल्या आल्या कौतुक सुरू. सुहासला तेवढं पुरतं.

"मरत नाहीयेत रे कोणी. गंमत तिथंच आहे," वैशाली म्हणाली. "नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धबंदी झाली, म्हणून काय सगळे शिपाई दुसऱ्या दिवशी घरी पोचले? हे टोळकं त्या खेड्यात मुक्काम ठोकून बसलंय. काम नाही, पोटात भूक, आणि मारिआननं पाळलेल्या डुकरावर सगळ्यांचा डोळा. गणपतीच्या मांडवात रात्री राखणीला बसलेली पोरं काय करतात? गातातच ना?"

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. तोफा थांबल्यावर गाणी घातली की ती खोटी वाटत नाहीत. त्यात टोळक्यातला तो क्लिफ एडवर्ड्स, युकुलेलीवाला, म्हणजे ते छोट्या गिटारसारखं वाद्य. पुढं १९४० मध्ये डिस्नेच्या 'पिनोकिओ'तल्या किड्याचा आवाज त्याचाच.

सुहासनं लगेच गाडी बदलली. "मारिआन झालेली ती मॅरियन डेव्हिस म्हणजे हर्स्टच्या पैशावर वर आलेली बाई."

"पैसा हर्स्टचा, मान्य," बापूकाका मध्ये पडले. "पण त्या वर्तमानपत्रवाल्या शेठजीला ती भरजरी पोशाखात, गंभीर भूमिकांत हवी असायची. तिचा हात खरा विनोदात. त्यात ती लहानपणापासून बोलताना अडखळायची. बोलपट आले तेव्हा पाचावर धारण बसली होती तिची. मारिआन फ्रेंच, तिचं इंग्रजी मोडकंतोडकंच असणार. अडखळली तरी खपून जातं."

काकांनीच मग सांगितलं की हा पिक्चर दोनदा काढलाय. आधी मूक, मग बोलका. दिग्दर्शक रॉबर्ट लेनर्ड तोच, डेव्हिस तीच. मूकपटात नायक ऑस्कर शॉ, बोलपटात लॉरेन्स ग्रे.

"म्हणजे प्रभातसारखंच की," सुहास म्हणाला. "'अयोध्येचा राजा' मराठीत एकदा, हिंदीत एकदा."

"ते १९३२ चं, आणि तिथं भाषा दोन होत्या. इथं एकात आवाजच नाही! आपल्याकडं तर पार्श्वगायनही नव्हतं. ज्याला गाता येतं तोच पडद्यावर. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले ते काय उगाच?"

काका एकदा नाटकवाल्यांवर घसरले की आवरत नाहीत, म्हणून मी त्यांना 'जस्ट यू, जस्ट मी'वर आणलं. या पिक्चरमधलं हे गाणं पिक्चरपेक्षा जास्त जगलं. जॅझवाल्यांनी ते वाजवून वाजवून आपलंसं केलं, आणि जॅझ पियानोवाल्या थिलोनिअस मंकनं त्याच्याच कॉर्ड्सवर, म्हणजे सुरांच्या चौकटीवर, 'एव्हिडन्स' ही आपली रचना बांधली. मंकचं ऐकून मूळ गाणं ओळखून दाखवा, माझ्याकडून चहा.

पण शेवटाला मात्र मी वैशालीची बाजू सोडली. आंद्रे परत येतो तो आंधळा होऊन. मारिआन दिल्या शब्दाला जागते, शिपायाला परत पाठवते. इथपर्यंत खणखणीत. एवढा वेळ डुक्कर आणि गाणी चाललेल्या पिक्चरमध्ये एकदम लढाई घरात येते. आणि मग? आंद्रेला पाद्री व्हायचं असतं! बाई मोकळी, अमेरिकेला रवाना.

"निर्मात्याच्या सोयीनं आलेलं वैराग्य," मी म्हणालो.

"तुम्हाला तो आंधळा बिचाराच हवा," वैशाली उसळली. "ती दयेपोटी थांबलीय हे त्याला कळत नसेल? निर्णय तो घेतो. तुम्ही त्याला तेवढाही मान देत नाही."

"मान द्यायचा तर आधी त्याला दोन सीन द्यायचे होते," मी म्हणालो. "नुसता येतो, रडवतो आणि वाट मोकळी करून जातो."

"मग तू काय केलं असतंस रे?" तिनं मला सोडून सुहासलाच धरलं.

"आंद्रेला लढाईतच मारला असता. कटकट नाही."

"म्हणजे तू एमजीएमपेक्षा स्वस्तात सुटलास," बापूकाका म्हणाले.